सर्किट-बोर्डाचा भरवसा

ज्या घरात एके काळी विजेची उपकरणे म्हणजे चार दिवे, एक पंखा आणि फार तर एक रेडिओ एवढीच होती, त्याच घरात आज कपडे धुण्याचे यंत्र, इन्व्हर्टर, पाण्याच्या पंपाचा स्वयंचलित संच, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, इतकेच नव्हे तर एलईडीचा दिवासुद्धा एका लहानशा पट्टीच्या आधाराने चालतो. या पट्टीस सर्किट-बोर्ड म्हणतात. उपकरण बंद पडले की कारागीर येतो, “बोर्ड गेला” असे दोन शब्दांत निदान करतो आणि आपण नवा बोर्ड बसवून मोकळे होतो. बोर्ड ‘जातो’ म्हणजे नेमके काय होते, तो लवकर जाऊ नये म्हणून बनविणाऱ्याने काय करावे आणि वापरणाऱ्याने काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय तांत्रिक असला तरी त्याचे मूळ तत्त्व आपल्या आजीबाईंच्या परिचयाचे आहे, हे वाचकांस पुढे दिसून येईल.

बोर्डाची घडण

पूर्वी रेडिओच्या पेटीत प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशी सुट्या तारेने हाताने जोडीत असत. तारांचे ते जंजाळ जोडण्यास वेळ लागे आणि चुकाही फार होत. व्हिएन्ना येथे जन्मलेले अभियंते पॉल आइस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये वेगळी युक्ती केली. तारांऐवजी तांब्याचा पातळ पत्रा पट्टीवर चिकटवून, नको असलेले तांबे रसायनाने खाऊन टाकून, मागे फक्त विजेच्या वाटा ठेवावयाच्या, अशी ती युक्ती होय. आजची पट्टी बहुधा काचेच्या धाग्यांचे कापड इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवून केलेली असते. तिच्यावर तांब्याच्या वाटा असतात आणि त्या वाटांवर कपॅसिटर, ट्रान्झिस्टर, चिप इत्यादी भाग डाख लावून बसविलेले असतात. हा डाख, म्हणजेच सोल्डर, दोन कामे एकदम करतो. तो भाग घट्ट धरून ठेवतो आणि विजेला वाटही देतो. म्हणून डाख तुटला की आधार आणि वाट दोन्ही जातात.

हजार सांध्यांचा हिशेब

एखाद्या मध्यम बोर्डावर डाखाचे हजार सांधे सहज असतात. समजा, यांतील एकही सांधा सुटला तर उपकरण बंद पडते. आता प्रत्येक सांधा चांगला निघण्याची शक्यता शेकडा ९९.९ आहे, असे धरू. हजारात एकच वाईट, म्हणजे काम उत्तमच झाले, असे कोणासही वाटेल. परंतु हजार सांधे एकाच वेळी चांगले असण्याची शक्यता काढण्यासाठी ०.९९९ ला स्वतःनेच हजार वेळा गुणावे लागते, आणि उत्तर येते सुमारे ०.३७. म्हणजे शंभर बोर्डांपैकी त्रेसष्ट बोर्डांत कोठे ना कोठे दोष राहील! दहा हजारांत एक सांधा वाईट, इतकी काळजी घेतली तर शंभरात नव्वद बोर्ड निर्दोष निघतील. लाखात एक, इतक्यावर गेले तर नव्व्याण्णव निघतील.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा हिशेब लष्करी उपकरणांत फार तीव्रतेने जाणवला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९५२ साली या प्रश्नासाठी एक सल्लागार मंडळ नेमले व त्याचा अहवाल १९५७ साली निघाला. ठरविलेल्या परिस्थितीत, ठरविलेल्या मुदतीपर्यंत, उपकरण न बिघडता काम करील याची शक्यता म्हणजे विश्वासार्हता, हा विचार त्या काळी दृढ झाला. यातील ‘परिस्थिती’ आणि ‘मुदत’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. आज चालते एवढ्यावरून यंत्र भरवशाचे ठरत नाही.

कल्हई आणि डाख

चांगला सांधा कसा होतो, हे समजण्यास कल्हईवाल्याची आठवण पुरेशी आहे. तो भांडे आधी घासून स्वच्छ करी, भट्टीवर तापवी, वर नवसागर टाकी आणि मग कथिलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने कथील सर्वत्र फिरवी. नवसागर कशासाठी? तांब्यावर हवेने आलेला ऑक्साइडाचा थर निघून जावा म्हणून. भांडे मळकट राहिले किंवा पुरेसे तापले नाही, तर कल्हई धरत नसे, आणि अशा भांड्यात ताक कळकत असे.

बोर्डावरही हेच घडते. येथे नवसागराची जागा राळेपासून केलेला फ्लक्स घेतो. तांबे स्वच्छ आणि पुरेसे तापलेले असेल तर कथिलाचा रस त्यावर पाण्यासारखा पसरतो आणि दोहोंच्या सीमेवर तांबे व कथील यांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. खरा जोड तो हाच. उष्णता कमी पडली तर डाख नुसता वर बसतो, आत शिरत नाही. यास ‘कोरडा सांधा’ म्हणतात. उष्णता फार वेळ दिली तर तो सीमेवरचा थर जाड होतो आणि जाड थर ठिसूळ असतो. कोरडा सांधा कारखान्यातील चाचणीत बहुधा उत्तीर्ण होतो, कारण त्या दिवशी धातूला धातू टेकलेला असतो. तो दगा देतो सहा महिन्यांनी.

यात आणखी एक बदल झाला आहे. पूर्वीच्या डाखात कथील ६३ भाग आणि शिसे ३७ भाग असे मिश्रण असे व ते १८३ अंश सेल्सिअसला वितळे. शिसे विषारी असल्यामुळे युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक उपकरणांत त्यास मनाई केली; आपल्याकडील ई-कचऱ्याच्या नियमांतही शिशावर मर्यादा आहे. बिनशिशाचा डाख प्रायः कथील, थोडी चांदी आणि थोडे तांबे यांचा असतो व तो सुमारे २१७ अंशांस वितळू लागतो. म्हणजे बोर्डाला आणि भागांना पूर्वीपेक्षा जास्त ताप सोसावा लागतो. शिवाय शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर कालांतराने केसासारखे बारीक तंतू आपोआप उगवतात आणि शेजारच्या वाटेला टेकून शॉर्ट करतात. मे १९९८ मध्ये ‘गॅलेक्सी-४’ हा उपग्रह निकामी होऊन अमेरिकेतील लाखो पेजर मुके झाले, त्याचे कारण असेच तंतू असल्याचे मानले जाते. आरोग्यासाठी शिसे काढणे योग्यच होते. पण त्यामुळे कारागिरीवरची जबाबदारी वाढली, हेही खरे.

थंडी-उन्हाचा खेळ

चांगला झालेला सांधाही अमर नसतो. तापल्यावर प्रत्येक पदार्थ फुगतो, पण सारखा फुगत नाही. चिनी मातीसारख्या सिरॅमिकचा भाग जेवढा फुगतो त्याच्या दुपटीहून अधिक बोर्डाची पट्टी फुगते. एक सेंटीमीटर लांबीचा असा भाग घेतला आणि तपमान ५० अंशांनी वाढले, तर दोहोंतील फरक सुमारे पाच सहस्रांश मिलिमीटर भरतो. हा फरक केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. पण तो सगळा ताण बिचाऱ्या डाखाने सोसावयाचा. उपकरण रोज एकदा तापले व निवले तरी दहा वर्षांत हे साडेतीन हजार वेळा होते. तार पुन्हापुन्हा वाकवली की जशी तुटते, तशी डाखात बारीक चीर पडते. प्रथम ती कधी उघडते, कधी मिटते. उपकरण मध्येच बंद पडते आणि थोड्या वेळाने पूर्ववत् चालू होते. अशा दोषाला लोक दोष म्हणतच नाहीत, आणि खरा धोका येथेच आहे.

एका चिरेची कथा

२८ डिसेंबर २०१४ रोजी इंडोनेशियातील सुराबाया येथून सिंगापूरला निघालेले एअर एशियाचे विमान जावा समुद्रात कोसळले आणि त्यातील १६२ माणसे मृत्युमुखी पडली. त्या देशाच्या वाहतूक-सुरक्षा समितीचा अहवाल डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानाच्या मागील सुकाणूची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रणेच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर डाखाला चिरा पडलेल्या आढळल्या. एक बिघडल्यास दुसरा असावा म्हणून दोन मार्ग ठेवलेले होते. चिरा दोन्हींत होत्या. जमिनीवरील उष्णता आणि आकाशातील थंडी, यंत्र चालू आणि बंद, या फेऱ्यांनी असे सांधे थकतात, असे अहवालात नमूद आहे.

तथापि केवळ चिरेने विमान पडले, असे म्हणणे चुकीचे होईल. ही यंत्रणा बंद असतानाही विमान सुखरूप नेता आले असते. त्या उड्डाणात दोषाची सूचना चार वेळा आली. त्यानंतर संबंधित संगणकांचा वीजपुरवठा सर्किट-ब्रेकरवरून तोडला गेल्याची चिन्हे तपासात दिसली. त्यामुळे विमानाचे स्वयंचालन सुटले, विमान कलले आणि चालकांना ते सावरता आले नाही. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने अहवालातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. त्या एकाच विमानात याच यंत्रणेचा दोष मागील बारा महिन्यांत २३ वेळा नोंदला गेला होता! नोंदी होत्या, पण त्या एकत्र वाचल्या गेल्या नाहीत. बहुतेक वेळा यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली गेली आणि ती चालू झाली, म्हणून काम संपले असे मानले गेले. डाखाची चीर मात्र तशीच राहिली.

सुधारणा कोठे करावी

बोर्ड भरवशाचा करण्याचे काम आराखड्यापासून सुरू होते. जाणता अभियंता कोणत्याही भागास त्याच्या पूर्ण शक्तीने राबवीत नाही. बारा व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचा कपॅसिटर घालतो. तापणारे भाग तो नाजूक भागांपासून दूर ठेवतो. द्रवयुक्त कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश तपमान घटल्यास सुमारे दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकू शकतो. चाळीस अंशांच्या फरकाने आयुष्य सोळापट!

त्यानंतर जोडणी. हवेतील दमटपणा चिपच्या आवरणात शिरतो आणि भट्टीत त्याची वाफ होऊन चिप लाहीसारखी फुटू शकते. म्हणून असे भाग कोरड्या बंद पिशवीत ठेवतात आणि जरूर तर आधी शेकून घेतात. दुसरा शत्रू स्थिर विद्युत. थंडीच्या दिवसांत टेरिलीनचा सदरा काढताना जी चटचट होते, ती माणसास जाणवण्यास सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात. काही चिपांना मात्र शंभराहून कमी व्होल्टही घायाळ करतात. घायाळ चिप लगेच मरत नाही, पुढे केव्हातरी दगा देते. म्हणून कामगाराच्या मनगटास जमिनीशी जोडलेला पट्टा असतो. भट्टीत बोर्ड हळूहळू तापवावा, ठरल्या शिखरापर्यंत न्यावा आणि बेताने निववावा.

मग तपासणी. डाख कसा दिसावा याचे ‘आयपीसी-ए-६१०’ नावाचे मानक जगभर चालते. त्यात साध्या घरगुती वस्तूंपासून जीवरक्षक यंत्रांपर्यंत तीन वर्ग आहेत. चिपच्या पोटाखाली लपलेले सांधे क्ष-किरणांनी पाहतात. अर्भकावस्थेत आणि वार्धक्यात जसा धोका अधिक, तसाच यंत्रांतही असतो. म्हणून महत्त्वाचे बोर्ड कारखान्यातच काही काळ तापवून चालवितात, म्हणजे दुर्बल असतील ते तेथेच उघडे पडतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेसाठी किंवा पावसाळी दमटपणासाठी बोर्डावर संरक्षक लेप देतात. पण लेपाखाली फ्लक्सचा मळ राहिला तर गंज आतच कोंडला जातो. म्हणून आधी धुणे, मग वाळविणे आणि मग लेप, हा क्रम सोडू नये.

आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे परत आलेला प्रत्येक बोर्ड उघडून, तो का बिघडला हे शोधून, ते कारण आराखड्यापर्यंत पोहोचविणे. ज्या कारखान्यात बिघडलेला बोर्ड नुसता बदलून दिला जातो, तेथे तोच दोष पुढील हजार बोर्डांत निमूटपणे जात राहतो.

आपण काय करावे

घरच्या माणसांना डाख लावावयाचा नाही. पण पुढील गोष्टी त्यांच्या हातच्या आहेत. इन्व्हर्टर, टीव्ही, राउटर यांच्या हवेच्या फटी कापडाने झाकू नयेत व त्यांवर धूळ साचू देऊ नये. ओलसर भिंतीला यंत्र टेकवून ठेवू नये. विजेचे अर्थिंग नीट आहे की नाही, हे जाणत्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. यंत्राचे झाकण स्वतः उघडू नये. वीज बंद केल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक साठा राहू शकतो. कारागिराने “बोर्ड गेला” म्हटले तर “कशाने गेला?” हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

आजाऱ्याच्या उशाशी चालणारे प्राणवायूचे यंत्र असो, इमारतीचा उद्वाहक असो की सभागृहाचा अग्निसूचक असो, ज्या यंत्रावर कोणाचा जीव अवलंबून आहे त्याच्याजवळ एक वही टांगलेली असावी. यंत्र एक क्षणभर जरी अडले, तरी तारीख, वेळ, त्या वेळची हवा आणि काय केल्याने ते पुन्हा चालू झाले, हे तिच्यात लिहावे. महिन्यातून एकदा एका जबाबदार व्यक्तीने ती वही सलग वाचावी. एकच तक्रार दुसऱ्यांदा दिसली तर यंत्र चालू असले तरी तंत्रज्ञास बोलवावे आणि वही त्याच्या हाती द्यावी. बंद करून पुन्हा चालू केल्याने यंत्र चालते, हे खरे. पण त्याने सांधा जुळत नाही, एवढे आपण विसरू नये.