जर्सी कोणाची? निष्ठा कोणाशी?



रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग सुटले की चर्चच्या पटांगणात फुटबॉल सुरू होतो. एका मुलाच्या अंगात बार्सिलोनाची जर्सी असते, दुसऱ्याच्या रेआल माद्रिदची, तिसऱ्याच्या मँचेस्टर युनायटेडची. पाठीवर बहुधा मेस्सी नाहीतर रोनाल्डो. ह्यात वाईट काही नाही. चांगला खेळ पाहून आनंद व्हावा, चांगल्या खेळाडूसारखे व्हावेसे वाटावे, हे बालपणाचे लक्षण आहे.

पण आपल्याच वाडीचा संघ स्पर्धेत उतरतो तेव्हा त्याच्या बाजूने ओरडायला ह्यांपैकी किती मुले येतात? आणि आपण मोठी माणसे किती येतो? ह्या आठवड्याच्या पाठात आपण ह्या प्रश्नाचा विचार करू या. प्रश्न फुटबॉलपासून सुरू होत असला तरी तो आपल्या धर्मग्रामापर्यंत येऊन पोहोचतो.

१. पाठीवरचे नाव

रोनाल्डो २००९ मध्ये मँचेस्टर सोडून माद्रिदला गेला, २०१८ मध्ये इटलीतील युव्हेंटसला, २०२१ मध्ये पुन्हा मँचेस्टरला आणि २०२३ पासून सौदी अरेबियातील अल नस्र क्लबकडे. मेस्सीने २०२१ मध्ये बार्सिलोना सोडले, आधी तो पॅरिसला आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील मायामीला गेला. खेळाडूचा तो व्यवसाय आहे, त्याला आपण दोष देणार नाही. पण त्याच्या नावामागे धावणाऱ्या मुलाला दरवेळी नवा रंग अंगात घालावा लागतो. जो जिंकतो तो आपला, जो हरतो तो परका, हा धडा त्याला कोणी शिकवत नाही, तो नकळत शिकतो.

ह्याउलट गावच्या क्लबची जर्सी मूल बहुधा स्वतः निवडत नाही. ती वडील, आजोबा, मामा किंवा मोठा भाऊ त्याला घालतात. ती त्याला मिळालेली असते, त्याने पारखून घेतलेली नसते. ह्याचे एक चांगले उदाहरण एका चर्चच्या अंगणातच सापडते.

२. फादरांनी दिलेली जर्सी

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनॉस आयर्स. तेथील आल्माग्रो ह्या वस्तीत फादर लोरेन्सो मासा हे डॉन बॉस्कोंच्या सलेशियन संघाचे धर्मगुरू काम करीत होते. वस्तीतली गरीब मुले रस्त्यावरच फुटबॉल खेळत. एकदा एक मुलगा ट्रामखाली येता येता वाचला, असे सांगतात. तेव्हा फादरांनी मुलांना चर्चच्या आवारात खेळायला बोलावले. अट एवढीच, की रविवारी मिस्साला यायचे. ह्या मुलांचा रीतसर क्लब १ एप्रिल १९०८ रोजी स्थापन झाला.

मुलांना क्लबला फादरांचेच नाव द्यायचे होते, पण फादरांनी ते नाकारले. शेवटी रोमचे हुतात्मे संत लॉरेन्स आणि अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्ययुद्धातील १८१३ ची सान लोरेन्सोची लढाई ह्या दोहोंची आठवण म्हणून 'सान लोरेन्सो' हे नाव ठरले. निळ्या-लाल जर्सी फादरांनीच मिळवून दिल्या. ते रंग ख्रिस्ती जनांची साहाय्यक पवित्र मरिया हिच्या वस्त्रांचे, अशी परंपरा आहे. फादरांच्या काळ्या झग्यावरून ह्या क्लबच्या पाठीराख्यांना आजही 'कावळे' म्हणतात, आणि ते हे नाव अभिमानाने मिरवतात.

त्याच शहरात १७ डिसेंबर १९३६ रोजी होर्हे बेर्गोग्लिओ नावाचे बाळ जन्मले. त्या वर्षीच्या नाताळच्या दिवशी आल्माग्रोमधील सलेशियन बासिलिकेत त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील सान लोरेन्सोकडून बास्केटबॉल खेळलेले. ते मुलाला सामन्यांना घेऊन जात. १९४६ साली क्लबने अजिंक्यपद मिळवले तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्या संघाच्या आठवणी तो म्हातारपणीही सांगे. हाच मुलगा २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस झाला.

ह्या मुलाला क्लब आणि श्रद्धा एकाच वाटेने मिळाली. दोन्ही गोष्टी घरच्या मोठ्यांनी त्याचा हात धरून दिल्या.

३. हार झाल्यावर

जिंकणाऱ्याच्या मागे राहणे सोपे असते. सान लोरेन्सोच्या पाठीराख्यांची परीक्षा पुढे झाली. १९७९ मध्ये लष्करी राजवटीच्या काळात क्लबला आपले जुने मैदान गमवावे लागले. तिथे पुढे मोठे सुपरमार्केट उभे राहिले. १९८१ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. मैदान नाही, मान नाही. अशा वेळी लोक पांगायला हवे होते. पण १९८२ मध्ये दुसऱ्या श्रेणीतले सामने भाड्याच्या मैदानांवर पाहायला लोकांनी विक्रमी गर्दी केली. त्याच वर्षी क्लब पुन्हा वर आला. नवे मैदान मिळायला मात्र १९९३ साल उजाडले.

जुन्या जागेसाठी लोकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, पैसे जमवले. २०१२ मध्ये शहराच्या विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला आणि २०१९ मध्ये ती जागा क्लबने परत विकत घेतली. मध्यंतरी २०१४ मध्ये क्लबने दक्षिण अमेरिकेचा सर्वोच्च चषक प्रथमच जिंकला आणि तो व्हॅटिकनला नेऊन पोप फ्रान्सिस ह्यांना दाखवला.

पोपमहोदयांची निष्ठाही पाहण्याजोगी होती. १९९० मध्ये त्यांनी पवित्र मरियेला वचन देऊन टीव्ही पाहणे सोडले. म्हणजे आपल्या क्लबचे सामने ते पाहतच नसत. एक स्विस गार्ड दर आठवड्याला निकाल आणि गुणतक्ता त्यांना देत असे, असे त्यांनी २०१५ मध्ये सांगितले. तरीही २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी जाईपर्यंत ते सान लोरेन्सोचेच राहिले.

४. हन्नाने शिवलेला झगा

पवित्र शास्त्रातही लहान मुलाच्या कपड्याची एक छोटीशी नोंद आहे. हन्नाने आपला मुलगा शमुवेल देवाच्या सेवेसाठी मंदिरात दिला. ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवायची आणि पतीबरोबर वार्षिक यज्ञासाठी जाताना तो घेऊन जायची (१ शमुवेल २:१९). मूल वाढते, म्हणून झगा दरवर्षी नवा आणि थोडा मोठा. आईचे प्रेम आणि मंदिराची वाट, दोन्ही त्या झग्यात होती.

आपल्या मुलांनाही बाप्तिस्म्याच्या वेळी पांढरे वस्त्र मिळाले. त्यांनी ते निवडले नव्हते. आपण त्यांच्या वतीने 'होय' म्हटले आणि वचन दिले. पण हन्नासारखे दरवर्षी नवा झगा शिवण्याचे काम आपण करतो का? बाप्तिस्म्याचे वस्त्र कपाटात घडी घालून ठेवले आणि मुलाला मिस्साला एकटेच पाठवले, तर ते वस्त्र त्याला लवकरच लहान पडणार. फुटबॉलचे वेड वडिलांच्या शेजारी बसून लागते. श्रद्धाही शेजारी बसूनच लागते.

५. निष्ठा म्हणजे वैर नव्हे

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात सेल्टिक हा क्लब आहे. त्याचा जन्मही चर्चच्या सभागृहातच झाला. मारिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड ह्यांनी नोव्हेंबर १८८७ मध्ये सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात सभा घेतली. शहराच्या पूर्व भागातील गरीब, बहुतांशी आयरिश कॅथलिक मुलांना जेवण देण्यासाठी पैसा उभा करणे, हा त्यांचा उद्देश होता. १९६७ मध्ये ह्याच क्लबने युरोपचा चषक जिंकला, तेव्हा संघातले सर्व अकरा खेळाडू मैदानापासून सुमारे ३० मैलांच्या आत जन्मलेले होते. घरची मुले, गावचा क्लब.

परंतु त्याच शहरात सेल्टिक आणि रेंजर्स ह्यांच्या चुरशीत कॅथलिक-प्रोटेस्टंट वैर मिसळले. १९९५ मध्ये सामना पाहून घरी निघालेल्या सेल्टिकच्या सोळा वर्षांच्या पाठीराख्याचा खून झाला. मुलांना जेवू घालण्यासाठी सुरू झालेल्या खेळाच्या नावाखाली एका मुलाचा जीव गेला. पुढे त्याच्या शाळेतील मैत्रिणीने हे वैर थांबवण्यासाठी चळवळ उभारली.

आपले ते चांगले म्हणण्यासाठी दुसऱ्याचे वाईट म्हणावे लागत नाही. शेजारच्या वाडीशी, शेजारच्या धर्मग्रामाशी किंवा दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याशी वैर धरून आपली निष्ठा सिद्ध होत नाही. प्रभूने शेजारी कोण हे सांगताना शोमरोनी माणसाचे उदाहरण घेतले, हे आपण विसरू नये.

६. आपला धर्मग्राम

आता स्वतःकडे पाहू या. त्या चर्चमधले गायन चांगले, ह्या फादरांचे प्रवचन लहान, तिकडे गाडी लावायला जागा आहे, असे म्हणत आपण दर रविवारी नवे चर्च शोधतो का? २०२० च्या टाळेबंदीत मोबाईलवर मिस्सा पाहावी लागली, ती त्या वेळची गरज होती. आजारी आणि वृद्धांना आजही तिचा आधार आहे. पण धडधाकट माणूस घरी बसून जगातले उत्तम प्रवचन ऐकतो आणि आपल्या चर्चचा बाक रिकामा ठेवतो, तेव्हा त्यानेही दूरच्या विजेत्या क्लबची जर्सीच घातलेली असते. आणि मुले आपल्याकडे पाहत असतात. दृढीकरणानंतर तरुण दिसत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी आपण हे लक्षात घ्यावे.

धर्मग्रामात उणिवा असतात. त्या बोलून दाखवाव्यात, सुधारण्यासाठी झटावे. सान लोरेन्सोच्या लोकांनीही गप्प बसून जागा परत मिळवली नाही. पण ते आतून लढले, सोडून गेले नाहीत.

ख्रिस्तसभाही आपल्याला सोडत नाही. आपण नोकरीसाठी आखाती देशांत गेलो किंवा शहरात फ्लॅट घेतला, तर तिथला धर्मग्राम आपला होतो आणि त्याच्याशीही तसेच एकनिष्ठ राहावे. तरीही लग्न जगात कुठेही लागले तरी त्याची नोंद, जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत करावी लागते, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. आपले नाव तिथे जपलेले असते.

प्रभू येशूचे गाव तर अगदीच साधे होते. नाझरेथमधून काही चांगले निघेल का, अशी शंका नथनेलने घेतली (योहान १:४६). त्याच गावच्या सभास्थानात प्रभू आपल्या परिपाठाप्रमाणे जात असे, आणि त्याच गावकऱ्यांनी त्याला हाकलून दिले (लूक ४:१६-३०). तरी त्याने गावाचे नाव टाकले नाही. क्रुसावर त्याच्या डोक्यावर लावलेल्या पाटीवरही 'नाझरेथकर' असेच लिहिलेले होते (योहान १९:१९).

कुटुंबात चर्चा करण्यासाठी

१. आपल्या घरातील मुलांना श्रद्धा कोणाच्या शेजारी बसून मिळते आहे?

२. आपल्या धर्मग्रामातील कोणती उणीव दूर करण्यासाठी आपले कुटुंब हातभार लावू शकेल?

३. आपल्या वाडीतील एखाद्या मुलाला जेवण, वह्या किंवा खेळण्यासाठी बूट हवे आहेत का? सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांना आपण ते कळवू शकतो.

ह्या आठवड्याचा निश्चय: येत्या रविवारी संपूर्ण कुटुंबाने आपल्याच चर्चमध्ये एका बाकावर बसून मिस्सामध्ये सहभागी व्हावे. आणि मिस्सानंतर मुले पटांगणात खेळतील तेव्हा घाई न करता दहा मिनिटे थांबून त्यांचा खेळ पाहावा.