मॉडेल रेल्वे घ्यायला शहरात जाताय? आधी हिशेब मांडा

परभणी आणि पूर्णा ही दोन जंक्शनं परभणी जिल्ह्यात असली तरी मॉडेल रेल्वेसाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबादच गाठावं लागतं. तिथेही ‘मॉडेल रेल्वे’ अशी पाटी क्वचितच दिसते. हा माल ‘हॉबी शॉप’मध्ये विमानं, ड्रोन, रिमोटच्या गाड्या यांच्या शेजारी असतो. अनेक विक्रेते घरूनच धंदा करतात. म्हणून निघण्यापूर्वी फोन करा, शिल्लक मालाचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा.

आधी माप ठरवा

‘एचओ’ माप म्हणजे मूळ गाडीच्या ८७ पट लहान, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. ‘एन’ म्हणजे १६० पट लहान, अंतर ९ मिलिमीटर. एक्स्प्रेस गाड्यांचा नव्या धाटणीचा एलएचबी डबा साधारण साडेतेवीस मीटर लांब असतो. एचओमध्ये तो २७ सेंटिमीटर होतो, एनमध्ये जेमतेम १५. चोवीस डब्यांची गाडी एचओमध्ये साडेसहा मीटर भरेल! घरची जागा मोजून मगच माप निवडा. या दोनपैकी एका मापाची गाडी दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही.

खर्चाचा अंदाज

- प्रवास: परभणीहून स्लीपरने मुंबई तीनशे-साडेतीनशे रुपये. पुण्याला परळी-लातूरमार्गे पनवेल गाडीही आहे.
- मुलांसाठी: ‘सेंटी टॉइज’सारख्या देशी कंपन्यांच्या, भारतीय रेल्वेच्या रंगरूपातल्या प्लॅस्टिक गाड्या काही शेकड्यांत मिळतात.
- परदेशी विद्युत संच (इंजिन, डबे, गोल रूळ, कंट्रोलर): साधारण पंधरा हजारांपासून पुढे. आवाज आणि डिजिटल नियंत्रण हवं, तर रक्कम दुपटीवर जाऊ शकते.

परदेशी संचांचे भाव इतके चढे, कारण खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. मॉडेल रेल्वेही त्याच गटात मोडते.

काय शहरातून, काय गावातून

इंजिन, डबे, रूळ आणि कंट्रोलर शहरातून घ्या. प्लायवुड, थर्माकोल, प्लास्टर, डोंगर-झाडांसाठी रंगवलेला भुसा हे सगळं परभणीच्या बाजारात मिळतं. ते गाडीतून वाहून आणण्यात अर्थ नाही. वायर, एलईडी, स्विच यांसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास खेळणी भरपूर, पण मापातली मॉडेल्स मिळण्याची खात्री धरू नका.

पहिला पैसा बघण्यावर

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघु रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. चालती गाडी, सिग्नल, वळणं तिथे पाहा; कोणतं माप आपल्याला झेपेल ते तिथेच कळेल. वेळ आणि तिकीट आधी फोनवर विचारा.

दुकानात तपासा

- इंजिन रुळावर ठेवून पुढे-मागे, हळू आणि वेगात चालवून दाखवायला सांगा.
- अॅडॉप्टर २३० व्होल्टचा आहे का ते वाचा. अमेरिकेचा १२० किंवा जपानचा १०० व्होल्टचा अॅडॉप्टर आपल्या प्लगमध्ये घातला तर जळेल.
- १४ वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर आयएसआय चिन्ह बघा. खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. खोक्यावर ‘१४ वर्षांवरील’ असं असेल तर ती वस्तू लहान पोरांच्या हाती देऊ नका.
- सुटे भाग मिळतील का ते विचारा. बिल घ्या, मूळ खोकं जपून ठेवा.

फसवणूक झाली तर

बिल हाती असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ फिरवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दुकान पुण्याचं असलं तरी दावा परभणीत चालेल, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही.