हळदीला पोचा: गावाकडच्या मित्राच्या लग्नाची तयारी

पंचविशी आली की पत्रिका येऊ लागतात. नांदेडच्या वसतिगृहात नाहीतर लातूरला अकरावी-बारावीच्या खोलीवर एका डब्यात जेवलेली पोरं नोकरीपायी पुणे-हैदराबाद गाठतात. लग्न मात्र गावाकडेच लागतं. असं लग्न मुखेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर असेल, तर माझं सांगणं एकच आहे: आदल्या दिवशी हळदीला पोचा. मुंडावळ्या बांधल्यावर नवरदेव पाहुण्यांचा, मामाचा आणि फोटोवाल्याचा होतो. मित्रांच्या वाट्याला येते ती हळदीची रात्रच.

म्हणून तयारी सुपारी फुटली की लगेच सुरू करावी. पत्रिका हातात पडेपर्यंत गाड्या भरलेल्या असतात. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं आहे. तारीख निघाली की तो दिवस मोजून ठेवा. सुट्टी दोन दिवसांची मागा, हळदीची आणि लग्नाची.

मुखेडला रेल्वे नाही. नांदेड, लातूर किंवा उदगीरला उतरून पुढे एसटी धरावी लागते. मुंबईहून पुण्यामार्गे रात्री येणारी गाडी काही दिवस लातूरपर्यंतच असते, काही दिवस उदगीरवरून बिदरला जाते. उदगीरची मिळाली तर पुढचा रस्ता बराच वाचतो, तेव्हा वार बघून तिकीट काढा. हैदराबादकडून येणाऱ्यांना देगलूरमार्गे सोयीचं. लग्न मार्गशीर्षाच्या शेवटी असेल तर एक काळजी घ्या: माळेगावच्या खंडोबाची यात्रा नांदेड-लातूर रस्त्यावरच भरते. त्या दिवसांत हाताशी दोन-तीन तास जास्तीचे ठेवा.

तालुका डोंगराळ, वाड्या-तांड्यांचा. पत्रिकेवरच्या पत्त्यापेक्षा फाट्याचं नाव विचारून घ्या आणि दिवस मावळायच्या आत तिथे उतरा. मुक्कामी गाडीच्या भरवशावर राहू नका. मुखेडला पुढच्या गाडीला अवकाश असेल तर दशरथेश्वराचं मंदिर बघून या. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर नाचणाऱ्या सप्तमातृका आहेत.

लग्नघरी गेल्यावर खुर्चीत बसू नका. मित्राच्या वडिलांपुढे उभं राहून विचारा, ‘काका, काय राहिलंय?’ काही ना काही राहिलेलंच असतं. कुणी फाट्यावरून पाहुणे आणायला मोटारसायकल घ्यावी, कुणी पाण्याच्या जारचा हिशोब बघावा, कुणी आचाऱ्याला हवं-नको विचारावं. ज्याचं अक्षर चांगलं आणि डोकं शांत, त्याने दुसऱ्या दिवशी आहेराच्या वहीवर बसावं. ही कामं घरच्यांच्या अंगावरून उतरली की नवरदेवाच्या भावाला जरा दम मिळतो. रात्री सगळे गच्चीवर गप्पा मारत पडले की जुना मित्र तुम्हाला पुन्हा सापडतो.

पंगत वाढणं हे मित्रांचं खरं काम. पहिल्या पंगतीला बसू नका, वाढा. वरणाची बादली अर्धीच भरून घ्यावी. काठोकाठ भरली की वाकताना हिंदकळते आणि जेवणाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर जाते. बुंदी आग्रहाने वाढा, पुरी विचारून. म्हाताऱ्या माणसांच्या पानात भात वाढला की वरण लगेच पोचलं पाहिजे.

आता परण्या. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला निघतो, पुढे डीजे, आणि मित्र नाचायला लागले की पावलाभराचा रस्ता तासभर सरत नाही. नाचा, हौसेने नाचा, पण पत्रिकेवरची वेळ लक्षात ठेवा. वैशाखात इकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि हातात अक्षता घेऊन मांडवात बसलेल्या आजी-आजोबांना तो सोसत नाही. मिरवणूक पुढे ढकलायला मित्रांपैकीच कुणीतरी ठाम राहावं. घरच्यांचं त्या वेळी कुणी ऐकत नाही. डोक्याला उपरणं आणि खिशात ओआरएसची पुडी असू द्या.

मैत्रिणीच्या लग्नाला जाणाऱ्या मुलींनी तिच्या आईला आधी फोन करावा: ‘मावशी, आम्ही तिघी येतोय, झोपायला घरातच जागा ठेवा.’ पाहुण्यांच्या गर्दीत हे सांगून ठेवलेलं बरं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. लग्न लागलं की नवरी सासरी जाते, म्हणून हळदीला पोचणं इथे जास्तच महत्त्वाचं.

आहेराच्या पाकिटात प्रत्येकाने वेगवेगळी रक्कम घालण्यापेक्षा वर्गणी करा. जोडपं पुण्यात भाड्याची खोली घेणार असेल तर शेगडी, कुकर, गादी यांतलं काय लागतं ते आधी मित्रालाच विचारा आणि ती वस्तू तिकडेच पोचवा. घड्याळं आणि फोटोफ्रेम लग्नात ढिगाने येतात. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असेल तर तो शब्द पाळा. घरच्यांनी टॉवेल-टोपी दिली तर मात्र नको म्हणू नका. मान घ्यावा, पाया पडावं.

मुहूर्त मोजके, त्यामुळे एकाच तारखेला दोन लग्नं येतातच. अशा वेळी ज्याच्या घरी राबणारे हात कमी, त्याच्याकडे जावं. दुसऱ्याला तारीख कळली त्याच आठवड्यात स्पष्ट सांगा, आदल्या रात्री मेसेज टाकून मोकळे होऊ नका. दिवाळीला गावी आलात की त्या जोडप्याच्या घरी जा आणि आहेर तेव्हा हातात द्या.