गर्डलच्या धंद्याची शंभर वर्षे : कारागीर व व्यापाऱ्यांसाठी काही धडे

समोरच्या दुकानदारावर नजर ठेवणे बरे. परंतु पुष्कळदा धंदा बसतो तो त्याच्यामुळे नव्हे, तर भलत्याच गल्लीत तयार झालेल्या मालामुळे. पाश्चात्त्य देशांतील गर्डलच्या धंद्याचा इतिहास आपण याच दृष्टीने पाहू. गर्डल म्हणजे पोट व कंबर आवळून धरणारे आणि पायांतील लांब मोजे वर अडकवून ठेवणारे स्त्रियांचे आतले वस्त्र.

गर्डलच्या आधी कॉर्सेट होते. त्यात देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्ट्या घालीत. अमेरिकेत १८७४ साली या धंद्यात उतरलेल्या वॉर्नर या डॉक्टर बंधूंनी या महाग पट्ट्यांऐवजी वनस्पतीच्या धाग्यांची 'कोरलाइन' पट्टी आणली. १९०४ साली 'स्पायरेला' कंपनी आली. तिची पोलादी तारेची पट्टी हवी तशी वाकत असे. हा माल दुकानात मिळत नसे. कंपनीने शिकविलेल्या स्त्रिया गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मापे घेत. इंग्लंडमध्येही तिचा मोठा कारखाना होता. १९८९ साली ती बंद झाली.

१९३० नंतर रबराच्या धाग्यावर सूत गुंडाळलेले 'लास्टेक्स' आले आणि ताणले जाणारे गर्डल बाजारात आले. १९४० साली 'प्लेटेक्स'ने तर पट्टीच काढून टाकली. त्यांचे 'लिव्हिंग गर्डल' लेटेक्स रबराचे, बिनशिलाईचे होते. ते लांबट नळीत घालून विकले जाई. मापे घेण्याचा व्याप संपला आणि घरोघरी मापे घेणाऱ्या पद्धतीला मोठा प्रतिस्पर्धी मिळाला.

येथे हुनराची एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्लेटेक्स बनविणाऱ्या इंटरनॅशनल लेटेक्स कंपनीने १९६५ साली अंतराळ पोशाखाच्या स्पर्धेत दोन प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांचे पोशाख तिच्याच शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या हातचे होते. त्यांपैकी काही जणी पूर्वी अंतर्वस्त्रेच शिवीत. शिलाई तीच, गिऱ्हाईक नवे.

१९५८ साली डुपाँट कंपनीत 'लायक्रा' धागा तयार झाला. गर्डल हलके झाले आणि कंपन्यांची चढाओढ वाढली. परंतु खरा घाव मोजेवाल्यांकडून आला. १९५९ साली नॉर्थ कॅरोलिनातील एका गिरणीने कंबरेपर्यंत येणारे अखंड मोजे काढले. मोजे अडकविण्याची गरजच उरली नाही. पुढे आखूड स्कर्टची फॅशन आली आणि गर्डलची मागणी ओसरली. कोणी अधिक चांगले गर्डल काढले म्हणून नव्हे, गर्डलचे एक मुख्य कामच गेले म्हणून!

गंमत अशी, की त्याच मोज्यांतून गर्डल पुन्हा जन्मले. फॅक्स यंत्रे विकणाऱ्या सारा ब्लेकली यांनी मोज्यांचे पावले कापून ते कपड्यांखाली वापरून पाहिले. पाच हजार डॉलरच्या बचतीवर त्यांनी २००० साली 'स्पँक्स' सुरू केली. आधी गिरण्यांनी त्यांना परत पाठविले होते. २०२१ साली कंपनीतील बहुसंख्य हिस्सा विकला गेला, तेव्हा तिची किंमत १२० कोटी डॉलर धरली गेली.

हे सारे दूरदेशीचे नाही. आज आपल्या बाजारात साडीखाली घालण्याचे ताणदार 'शेपवेअर' परकराच्या जागी विकले जात आहे. परकर शिवणाऱ्या बांधवांचा प्रतिस्पर्धी शेजारचा शिंपी राहिलेला नाही.

यातून आम्हाला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात :

१) आपला माल गिऱ्हाइकाचे नेमके कोणते काम करतो, हे ओळखावे. ते काम दुसऱ्या वस्तूने होऊ लागले, तर केवळ भाव उतरवून भागत नाही.

२) नवा धागा, नवे कापड आले की तुकडा आणून स्वतः शिवून पाहावे.

३) यंत्र व नमुना जुना होतो, हातातील सफाई जुनी होत नाही. तिला नवे काम शोधून देणे हीच खरी तिजारत.