इंजिन जुनं आहे, पण पार्ट मिळतो गं

बघ, आधी बस आणि चहा घे. इंजिन बंद पडलंय, संसार नाही. थंडी तोंडावर आली, कुंभारगावच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरले की पुण्याची माणसं पहाटेच्या फेरीसाठी फोन करायला लागतील, आणि नेमकं आत्ताच सासऱ्यांच्या वेळचं इंजिन धूर सोडून थंड झालं. त्यात एका दुकानात ‘याचं आता काही येत नाही’ असं ऐकून आलीस. जीव घाबरणारच.

खरं सांगू का, पुष्कळदा पार्ट असतो, फक्त दुकानदाराला तू काय मागतेस ते कळलेलं नसतं. मी बारामतीत स्पेअर पार्टच्या दुकानात गल्ल्यावर बसते, रोज बघते. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘बोटीच्या इंजिनाची रिंग द्या.’ अगं, कुकरची रिंग घेताना आपण कंपनी आणि लिटर सांगतो ना? मग इथे का नाही? ‘बोट’ हा शब्द काउंटरवर काढूच नकोस. तुझ्या होडीत बसलंय ते मुळात विहिरीवरचं डिझेल इंजिन आहे, आणि त्याच नावाने त्याचा पार्ट मिळतो.

म्हणून पहिलं काम पाटीचं. फडक्याला डिझेल लाव, इंजिनावरची पत्र्याची पाटी पूस आणि मॉडेल, नंबर, एचपी, आरपीएम यांचा स्वच्छ फोटो काढ. किर्लोस्करचं एव्ही-१ निघालं तर निम्मं काम झालं समज: ५ एचपी, १५०० फेरे, बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०. त्याच घरातलं टीव्ही-१ असेल तर बोअर ८७.५ आणि स्ट्रोक तोच ११०. दिसायला बहिणी, पण एकीचा पिस्टन दुसरीला चालत नाही. मोठ्या चाकाचं, ६५० फेऱ्यांचं संथ इंजिन असेल तर ते लिस्टर जातीचं. तशी आणि पेटर जातीची इंजिनं राजकोटला वर्षानुवर्षं बनत आली, त्यामुळे मूळ कंपनीची वाट बघत बसायचं कारण नाही. फक्त राजकोटचा पार्ट घेताना जुना पार्ट शेजारी ठेवून मापून घे. पाटीच गेली असेल तर लेथवाल्याकडून व्हर्नियरने बोअर मोजून घे.

आता सगळंच इंजिनाच्या दुकानात शोधू नकोस. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ असेल तर जगात कुठेही आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. ते बेअरिंगच्या दुकानात पाच मिनिटांत मिळतं. ऑइल सीलवरही तसंच माप असतं. पट्ट्यावर बी-४२ लिहिलंय तर ४२ ही इंचातली लांबी. साधं पॅकिंग शीटमधून कापून मिळतं, पण हेडचं पॅकिंग नवंच घ्यायचं, जुनं पुन्हा बसवायचं नाही, कितीही चांगलं दिसलं तरी. शाफ्ट, बुश, पाण्याच्या पंपाची पिन, आटे गेलेला बोल्ट ही सगळी लेथची कामं.

पिस्टन काढलाच तर एकटी रिंग बदलून पैसे वाचवू नकोस गं. लायनर झिजलेला असला तर नव्या रिंगा काही दिवसांत हात टेकतात. लायनर, पिस्टन, रिंगा आणि पिन असा पूर्ण सेट घे. क्रँक घासून घेतली तर किती घासली ते विचारून कागदावर लिहून घे, ०.२५ की ०.५०, कारण बेअरिंग त्याच अंडरसाइझचं लागतं.

नोझल आणि डिझेल पंप मात्र गल्लीतल्या कुणाच्याही हातात देऊ नकोस. त्यासाठी प्रेशर लावून तपासणाऱ्या फ्यूएल इंजेक्शनच्या वर्कशॉपलाच जायचं. आणि तिकडे जाण्याआधी डिझेल फिल्टर बदलून बघ, टाकीच्या तळाचं पाणी काढ, पाण्याची जाळी साफ कर. उन्हाळ्यात आपलं उजनी धरण मृतसाठ्यात गेलं की गाळ आणि शेवाळ थेट पाण्याच्या पंपात ओढलं जातं. इंजिन तापण्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

हेड, फ्लायव्हील, रॉकर असले जड पार्ट नवे मिळेनात तर इंदापूरकडच्या वाड्या-वस्त्यांवर विचार. विजेची मोटर आल्यावर कितीतरी इंजिनं विहिरीच्या कडेला गंजत पडली आहेत. अख्खं इंजिन भंगाराच्या भावात घ्यायचं, पण आधी हँडल फिरतंय का आणि हेडला तडा आहे का ते बघायचं. गिअर आणि होडीचा पाण्यातला पंखा मात्र शेतीच्या दुकानात सापडायचे नाहीत. त्यासाठी ससून डॉक किंवा रत्नागिरीचा मिरकरवाडा, जिथे मासेमारीच्या बोटी दुरुस्त होतात, तिथल्या मेकॅनिकला फोटो आणि माप पाठव. पंखा उजवा फिरतो की डावा, हे सांगायला विसरू नकोस.

क्रँकच तुटली असेल किंवा ब्लॉकला तडा असेल तर मात्र मन घट्ट कर आणि दुसरं इंजिन बघ. सासऱ्यांची आठवण मला कळते गं, पण तुझ्या होडीत लोकांची लेकरं बसतात. समुद्रावरच्या शिडाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं तर शीड तरी उभारता येतं. आपल्याकडे तेवढाही आधार नाही. २१ मे २०२४ ला उजनीतच कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तिथे घात वाऱ्याने केला, इंजिनाने नाही. पण बंद पडलेली होडी वाऱ्याला आडवी होते, म्हणून सांगते. भर पाण्यात इंजिन थांबेल अशी शंका असेपर्यंत एकही माणूस बसवू नकोस, फेरी बुडाली तरी चालेल. वल्ही, नांगर आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट, हे इंजिन कोरं करकरीत असलं तरी लागतंच.

तुला जमेल हे. उद्या सकाळी पाटीचा फोटो काढ, निघालेले पार्ट डिझेलमध्ये धुऊन कापडात बांध आणि सगळं घेऊन बारामतीला ये. नुसत्या फोनवर विचारून पैसे पाठवू नकोस.