मांजराने उडी सोडली की

मांजराला सांधेदुखी होते असं मालवणात कुणाला सांगितलं तर समोरचा आधी हसतो. इथे माणसांचे गुडघे दुखून दुखून वाकायची वेळ येते तरी कुणी डॉक्टरकडे जात नाही, तिथे मांजराच्या गुडघ्याचं काय घेऊन बसलात! पण २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले होते. त्यातल्या नव्वद मांजरांच्या सांध्यांत किंवा कण्यात झीज दिसली. म्हणजे म्हातारं मांजर घरात असेल तर झीज आहे असंच धरून चालावं. ती दुखते आहे का, हे ओळखायचं काम आपलं.

आमची चिंगी तेव्हा चौदाच्या घरात होती. सासूबाई आडाळ्यावर बांगडे कापायला बसल्या की ही पूर्वी एका उडीत शेजारच्या कट्ट्यावर चढून बसायची. हळूहळू ती खालीच बसायला लागली. सगळ्यांना वाटलं, शहाणी झाली. मग कट्ट्यावर जायचंच असेल तर आधी स्टुलावर, तिथे जरा थांबून, मग वर. पाठीवरचे, शेपटीच्या मुळाजवळचे केस गुंतून त्यांच्या गाठी झाल्या. लोक म्हणाले, उन्हाळ्याने. लादीवर चालताना नखं टकटक वाजायची आणि गोधडीत अडकायची. माडाखालच्या वाळूत जाणारी ही शेजारच्या पडवीत जाऊ लागली, तेव्हा पलीकडच्या काकी दारात येऊन म्हणाल्या, “तुमच्या मांजरान परत घाण केल्यान.” आणि भाच्याने उचलून घेतल्यावर तिने त्याच्या हातावर ओरखडा काढला, जे तिने कधीच केलं नव्हतं. सासूबाईंचा निकाल ठरलेला: “वय झाला गो तिचा. आता काय झाडार चढतली?”

प्रत्येक गोष्टीला एकेक कारण तयार होतं, म्हणून त्यांची बेरीज कुणी करेना. आणि ती लंगडत नव्हती. घरातल्या सगळ्यांचा भरवसा त्यावरच होता: दुखत असतं तर लंगडली असती, ओरडली असती.

मांजराची सांधेदुखी बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असते. दोन्ही कोपरं, दोन्ही खुबे, दोन्ही गुडघे, शिवाय कणा. लंगडायचं तर एक पाय बरा लागतो. दोन्ही दुखत असतील तर भार टाकायचा कुठे? मग मांजर एकेक काम सोडून देतं. उडी सोडतं, पाठ चाटणं सोडतं, नखं घासणं सोडतं, लांबची वाळू सोडतं. घुरघुरण्यावरही जाऊ नका. दुखत असतानाही मांजर घुरघुरतं.

शेवटी तिला तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे रांग गाई-शेळ्यांची. चिंगी टेबलावर अंग आक्रसून दगड झाली. चालवून दाखवा म्हटलं तर पिशवीत शिरली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, घरी मोबाईलवर शूटिंग करून आणा. हा सल्ला मी आता सगळ्यांना देते. नॉर्थ कॅरोलिनाच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनीही मालकांना विचारायचे सहाच प्रश्न काढले आहेत: मांजर धावतं का, वर उडी मारतं का, खाली उडी मारतं का, पायऱ्या चढतं का, उतरतं का, हलत्या वस्तूमागे लागतं का. हे सगळं पूर्वीसारखं करतं का, ते पाहायचं. आमच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर चिंगी चढायची बरी. उतरताना मात्र प्रत्येक पायरीवर थबकायची. पुढच्या पायांवर भार येतो तो उतरताना. ते व्हिडिओ पाहून डॉक्टरांनी थेट कोपरं चाचपली आणि ती फिस्कारली.

चेहऱ्यावरून दुखणं मोजायची एक पट्टीही आहे, २०१९मध्ये मॉन्ट्रियल विद्यापीठातून आलेली: कान, डोळे, तोंड, मिशा आणि डोक्याची ठेवण. मात्र ती ऑपरेशननंतरच्या किंवा अचानक उठलेल्या दुखण्यात कामाची. वर्षानुवर्षं मुरलेल्या दुखण्यात चेहरा फारसं सांगत नाही.

सगळंच सांधेदुखीवर ढकलूनही चालणार नाही, आणि इथे आपल्या किनाऱ्याची गोष्ट येते. मालवणचं मांजर म्हणजे माशांवर वाढलेलं. पण रोज नुसती तारली-बांगडा अशी तेलकट मासळी खाल्ली तर ई जीवनसत्त्व कमी पडून कातडीखालची चरबी सुजू शकते. असं मांजर नुसता हात लावला तरी ओरडतं, हलायला मागत नाही. काही जातींच्या कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं. ते कमी पडलं की मांजर झोकांड्या खातं, मान खाली वाकते. मासे शिजवले की ते द्रव्य नष्ट होतं. रोज कलेजी घालणाऱ्यांच्या मांजरांची मान आखडते, ती अ जीवनसत्त्व साठून. मागचे पाय घोट्यापासून जमिनीला टेकवून चालत असेल तर साखर तपासा. पाणी फार पीत असेल, वजन घटत असेल तर मूत्रपिंड.

अचानक घडलं तर थांबूच नका. मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे, थंडगार, तळवे फिकट किंवा निळसर आणि मांजर किंचाळतंय, तर ती बहुधा हृदयातून सुटून रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी असते. एकच पाय झपाट्याने सुजला आणि घराभोवती जांभ्याचा कातळ असेल तर फुरसं डोक्यात ठेवा. या दोन्हींत सकाळपर्यंत वाट पाहायची नसते.

आता औषधं. मुंबईहून आलेल्या आमच्या पाहुण्यांनी पर्समधून क्रोसिन काढली होती, “पाव गोळी दे, लहान बाळांना देतात ना!” क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल पचवायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच. त्याचं रक्त ऑक्सिजन वाहीनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनही नको. खोबरेलात कापूर घालून चोळणं, दुखण्यावरचा बाम लावणं, हेही नको. मांजर ते चाटून पोटात घेतं. गोठ्यातलं मेलोक्सिकॅम तर कुणी आपल्या मनाने देऊ नये. ते मांजरालाही देतात, पण थेंबांच्या मापात, आणि आधी रक्त तपासून, कारण म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडं अनेकदा आधीच थकलेली असतात. चिंगीची रक्ततपासणी आणि एक्स-रे आम्ही गोव्यात करून घेतले. औषध सुरू केल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तेच व्हिडिओ काढायला लावले, त्याच पायऱ्यांवर. फरक डोळ्यांना दिसला.

औषधापेक्षा स्वस्त उपाय घरात होते. कट्ट्याशेजारी स्टूल कायमचं ठेवलं आणि गुळगुळीत लादीवर गोणपाट टाकलं. पडवीच्या कोपऱ्यात बुटक्या काठाच्या घमेल्यात किनाऱ्यावरची वाळू, पावसाळ्यात तर ती हवीच. काकींची तक्रार तिथेच मिटली. ताट-वाटी पाटावर, म्हणजे मान फार वाकवायला नको. निजायला वैलाजवळ जुन्या साडीची घडी. वजन महिन्याला करायचं: तिला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. म्हाताऱ्या मांजराची नखं जाड होऊन वळतात आणि तळव्यात रुततात, म्हणून तीही पाहायची. आमच्याकडे नखं मी कापते, सासूबाई तिला धरतात, आणि ती चावते सासूबाईंनाच.