खासगी चिठ्ठीवर औषध स्वस्त पडते का?

प्रश्न : मी लेस्टरमध्ये नोकरी करते. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरूनही रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांना दर महिन्याला प्रत्येकी 9.90 पौंड मोजावे लागतात. खासगी चिठ्ठीवर त्या स्वस्त मिळतात, असे मैत्रीण सांगते. तसे करावे का?
– एक वाचक

उत्तर : मैत्रिणीचे म्हणणे चुकीचे नाही, पण हिशेब महिन्याचा न करता वर्षाचा करा. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे ठरीव शुल्क घेतात. मे 2024 पासून ते 9.90 पौंड आहे. औषधाची किंमत शंभर पौंड असो वा एक, आकारणी तेवढीच. त्यामुळे महागड्या औषधाच्या रुग्णाचा फायदा होतो आणि अम्लोडिपिनसारखी जुनी जेनेरिक गोळी घेणारा मूळ किमतीहून जास्त देतो. खासगी चिठ्ठीवर काही केमिस्ट ती कमी पैशांत देतात, ते यामुळेच. वर्षाला 1,035 पौंड अधिभार भरूनही हे शुल्क का, हा राग रास्त आहे. पण अधिभारातून सेवेचा हक्क मिळतो, औषधशुल्क इंग्लंडच्या इतर रहिवाशांप्रमाणेच लागते.

तुमच्या दोन गोळ्यांचे वर्षाला 237.60 पौंड होतात. एनएचएसचे वार्षिक प्रीपेमेंट सर्टिफिकेट 114.50 पौंडांना मिळते आणि त्यावर वर्षभर कितीही औषधे घेता येतात. म्हणजे एका वेळच्या एका औषधाला 4.77 पौंड पडतात. खासगी दर याहून कमी असेल तरच विचार करावा, आणि त्यात चिठ्ठीचा खर्चही धरावा : एनएचएसचे जीपी आपल्याच रुग्णाकडून खासगी चिठ्ठीचे पैसे सहसा घेऊ शकत नाहीत, बरेच जण ती देतही नाहीत, त्यामुळे बाहेरच्या डॉक्टरची फी द्यावी लागते. ‘तरीही माझा केमिस्ट स्वस्त देतो’ असे कुणी म्हणेल. एकच स्वस्त गोळी क्वचित लागत असेल, तर ते पटण्यासारखे आहे; मात्र मध्येच अँटिबायोटिक लागले, तर त्याचे पैसे वेगळे. सर्टिफिकेट घेण्याआधी जीपींना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम लिहून देता येतील का, ते विचारा. शुल्क गोळ्यांच्या संख्येवर नसल्याने वर्षाचा खर्च 118.80 पौंडांवर येईल आणि सर्टिफिकेटची बचत जेमतेम सव्वाचार पौंड उरेल. मधुमेहाच्या गोळ्या किंवा थायरॉइडचे हार्मोन चालू असेल, तर वैद्यकीय सवलतीचे प्रमाणपत्र काढा. त्यावर रक्तदाबाच्या गोळ्यांसह सगळीच औषधे मोफत मिळतात.